सगुणाने पुसलेली संध्याकाळ

सगुणाचं लग्न जमलं ते तिच्या हातांमुळे. हातात काय गुण आहेत हे कुणी बघितलं नाही, हात केवढा आहे एवढंच बघितलं. गोदूबाई मुलगी बघायला आली ती पदराखाली कंदिलाची काच घेऊन. गूळपाणी झाल्यावर तिने ती काच पोरीपुढे ठेवली आणि म्हणाली, "हात घाल बगू आत." चौदा वर्षांच्या सगुणाचा हात मनगटापर्यंत सुळकन आत गेला आणि बोटं पलीकडून बाहेर आली. गोदूबाईने तिथल्या तिथे सुपारी फोडली. थोरल्या सुनेचा पंजा रुंद होता आणि त्यापायी तिच्या घरात तोवर तीन काचा फुटल्या होत्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी काच पुसायची ती सगुणाने. चुलीतली राख, तीही करवंटीची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलेली. आधी राख, मग ओलं फडकं, मग कोरडं. पुसून झाली की गोदूबाई काच उजेडात धरून बघायची आणि एखादा डाग काढायचीच. पुढे म्हातारीचे डोळे गेले, तशी ती काचेवरून बोट फिरवून डाग काढू लागली. तिन्हीसांजेला घरात काळी काच असली तर लक्ष्मी उंबऱ्यावरून परत फिरते, असं तिचं म्हणणं. पुसलेल्या काचेच्या घरात तरी लक्ष्मी कधी आली होती, हे सगुणाला आठवत नव्हतं. पण सासूला असले प्रश्न विचारायचे नसतात.

नवरा रघू मुंबईत गिरणीत होता. संपात गिरणी गेली, तसा तो तिथेच कुठल्याशा सोसायटीच्या फाटकावर बसला आणि शिमग्या-गणपतीला घरी येत राहिला. वाडीत विजेचे खांब येऊन तीन वर्षं झाली होती. तारा यायच्या होत्या. तोवर खांबांना बैल बांधायची सोय झाली होती.

रत्नागिरीत मांडवीच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, सरकारची एक वनस्पती बाग होती. सगुणा वाडीतून पाऊण तास चालून तिथे रोजंदारीवर जायची. कामाला लागली तेव्हाही हातच बघितले गेले होते. पावसाच्या तोंडाला आंब्याच्या कोयी रुजून तांबूस कोंब वर आले की त्या कोवळ्या कोंबावर कलम बांधायचं असतं. बोटं जाड असली की कोंब पिचतो. सगुणाने बांधलेल्या शंभर कलमांतली नव्वद लागायची. हा नव्वदचा आकडा दरवर्षी साहेबांच्या अहवालात मुंबईला जायचा. सगुणाचं नाव त्यात नसायचं, कारण अहवालात नावाचा रकाना नव्हता.

रोजंदारीची रीत अशी, की अकरा महिने काम द्यायचं आणि बाराव्या महिन्यात आठवडाभर नाव काढून टाकायचं. म्हणजे सलग वर्ष भरत नाही आणि माणूस कायम करायची पाळी सरकारवर येत नाही. अशी अकरा वर्षं झाली. बागेतलं कुठलं झाड कधी लावलं, कुठल्याला कीड लागली, सुरंगी कुठल्या आठवड्यात फुलते, सगळं सगुणाला तोंडपाठ. कागदावर मात्र ती दरवर्षी नव्यानेच बागेत आलेली होती.

बागेचे अधीक्षक पाध्ये साहेब. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडी धमक लागते. चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत त्यांनी सगुणाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "माळ्याची एक कायम जागा मंजूर झालीय. तुझं नाव सुचवीन म्हणतो. फक्त हे प्रदर्शन नीट पार पडू दे."

"कसला प्रदर्शन, साहेब?"

"काचेच्या शिल्पांचं."

बागेत काचेचं काय काम, हे सगुणाने विचारलं नाही. माळ्याची जागा हे दोन शब्द कानात गेल्यावर पुढचं काही तिला नीट ऐकूच आलं नव्हतं. कायम म्हणजे बाराव्या महिन्यातला आठवडा नाही. कायम म्हणजे ती कलमं कागदावरही तिची. त्या दिवशी घरी जाताना तिने वाटेत कुणालाच काही सांगितलं नाही, सांगितल्याने असल्या गोष्टी फिसकटतात म्हणून.

प्रदर्शन मुंबईहून आलं. ते करणारे सुहास नेवरेकर मूळचे इथलेच, पण मुंबईत वाढलेले आणि युरोपात जाऊन काच फुंकायला शिकून आलेले. वर कुठेतरी, कला निसर्गाजवळ न्यावी, असं ठरलं होतं. निसर्ग मुंबईला नेणं अवघड, म्हणून कला ट्रकात घालून कशेडी घाट उतरवून आणली गेली. हौदात काचेची कमळं ठेवली गेली, जांभ्याच्या चिऱ्यांवर निळी पानं, वडाच्या पारंब्यांना लालभडक लोलक. त्यांना जागा व्हावी म्हणून खरी कमळं उपटून गुरांपुढे टाकली. हेडमाळी आप्पा ती उपटताना म्हणाला, "ह्यांना पानी नको, खत नको, कीड नाय. सरकारच्या मनासारखी झाडं हायत ही."

सगळ्यात मोठं शिल्प सुरंगीखालच्या चौथऱ्यावर होतं. पुरुषभर उंच, वरून खालपर्यंत कापडाने झाकलेलं. उद्घाटनाला कलेक्टर दोरी ओढणार आणि मग ते सगळ्यांना दिसणार. तोवर कुणी जवळ जायचं नाही, असं नेवरेकरांनी पाध्ये साहेबांना बजावलं होतं. पाध्ये साहेबांनी ते आप्पाला सांगितलं. आप्पाने ते पानाबरोबर चघळलं आणि थुंकून टाकलं.

मुंबईच्या माणसांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. दुपारी मांडवीच्या समुद्राकडून वारा सुटला की सड्यावर दिसेल त्या वस्तूवर मिठाची साय धरते. दोन दिवसांत कमळं धुरकट झाली, निळी पानं मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखी दिसायला लागली. नेवरेकरांनी बाटलीतलं परदेशी औषध कापसाने लावलं. बाटली संपली आणि फराटे तेवढे उरले. उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलेलं. पाध्ये साहेब नुसते हात चोळत उभे.

सगुणा हौदाशी उभी होती. तिला राहवेना. "मी बगू का पुसून?"

"कशाने?" नेवरेकरांनी विचारलं.

"राखेन."

नेवरेकरांनी डोळे मिटून घेतले. पण बुडत्याला काडीचा आधार. सगुणा बागेतल्या चहाच्या चुलीतली राख घेऊन आली, पदराच्या टोकातून गाळली आणि एक कमळ घेऊन बसली. आधी राख, मग ओलं, मग कोरडं. लहान हात पाकळीपाकळीच्या फटीत शिरून बाहेर आला आणि कमळ असं लखलखलं, की नेवरेकरांनी ते हातात घेऊन तीनदा फिरवून बघितलं.

"बाई, हे सगळं उद्यापर्यंत होईल?"

"व्हईल की."

"सगळं हं. एकसुद्धा राहता कामा नये," एवढं बोलून ते कलेक्टरांच्या बंगल्यावर जेवायला गेले. सगळं म्हणताना झाकलेलं शिल्प त्यांच्या मनात नव्हतं. स्वतःच्या घरातलं देवघर माणूस सगळ्यांत मोजत नाही, तसं झालं.

सगुणा कामाला लागली. कमळं झाली, पानं झाली, लोलक झाले. चारच्या सुमाराला ती सुरंगीखाली आली. आप्पा सावलीला पाय पसरून पडला होता. "आप्पा, ह्या झाकलेल्याचा काय कराचा?"

"साहेब काय बोलले?"

"सगळा पुसा बोलले."

"मंग पूस की," म्हणून आप्पाने कूस बदलली.

सगुणाने कापड वर केलं. आत एक प्रचंड कंदिलाची काच होती. तीच घडण, पोटाशी फुगलेली, वर निमुळती. आणि आतून, खालपासून वरपर्यंत, काळीकुट्ट. वात चढी ठेवून माणूस झोपी गेल्यावर धरते, तशी काजळी. कुठे दाट, कुठे पातळ, मध्येच तपकिरी ओघळ.

ती बघत उभी राहिली आणि तिला नेवरेकरांची दया आली. एवढा शिकलेला माणूस, पण घरी हात घालून पुसणारं कुणी नसणार. शरमेपायी झाकून ठेवली बिचाऱ्याने, आणि उद्या कलेक्टरसमोर कापड निघणार, अख्ख्या गावात शोभा होणार. पुसायला सांगायचीसुद्धा लाज वाटली असेल, म्हणून नुसतं सगळं म्हणाला. सासुरवाशिणीला असलं न बोललेलं समजून घ्यायची सवय असते. ते समजलं नाही की काय होतं, हे तिला गोदूबाईने शिकवलं होतं.

काच लोखंडी तिवईवर उभी होती आणि खालून उघडी होती. लहानसा हात मनगटापर्यंत जाऊन भागणार नव्हता. सगुणाने पदर खोचला आणि डोक्यासकट खांद्यांपर्यंत आत शिरली. दोन तास लागले. राख तीनदा आणावी लागली. काजळी मोठी चिवट, कसलासा डिंक घालून बसवल्यासारखी. शेवटी कोरडं फडकं फिरवून ती बाहेर आली तेव्हा पलीकडची सुरंगी काचेतून पानन् पान दिसत होती. सगुणाने कापड पुन्हा नीट खाली सोडलं, हातपाय धुतले आणि वाडीची वाट धरली. आपण एका भल्या माणसाची अब्रू राखली, या समाधानात तिला पाऊण तासाची चाल कळली नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत एवढी माणसं आली, की अकरा वर्षांत मिळून आली नव्हती. सुरंगीला ऐन बहर होता, खोडापासून फांद्यांपर्यंत फुलं लगडलेली, वासाने सडा दरवळत होता. तिच्या खाली उभी राहून माणसं एकमेकांना विचारत होती, फुलं कुठे ठेवलीत म्हणून. सगुणा क्रोटनच्या रांगेमागे उभी होती. रोजंदारीवाल्यांनी पुढे यायचं नाही, असा नियम होता, पण कुणी लिहिलेला नव्हता.

कलेक्टरांनी दोरी ओढली. कापड घसरलं. नेवरेकर फोटोसाठी लोकांकडे तोंड करून उभे होते. तसेच ते बोलू लागले. भाषण पाठ होतं, आणि सकाळच्या स्थानिक वर्तमानपत्रात छापूनही आलं होतं.

"या शिल्पाचं नाव 'संध्याकाळ'. लहानपणी सुट्टीत मी आजोळी यायचो. तिथला कंदील माझ्या मनातून कधी गेला नाही. माझी आजी आयुष्यभर त्या कंदिलाच्या उजेडात राबली. ही काजळी म्हणजे तिचे कष्ट. कोकणातल्या प्रत्येक बाईचे कष्ट या काळ्या थरात साठलेले आहेत. हा थर काचेवर धरायला मला तीन महिने लागले. बघा हा थर. नीट बघा."

लोकांनी नीट बघितलं. काच स्वच्छ होती. तिच्यातून पलीकडचा चहाचा स्टॉल दिसत होता.

नेवरेकर वळले आणि बोलायचे थांबले. पाध्ये साहेब पुन्हा हात चोळू लागले. त्यांना नक्की काय बिघडलं ते कळलं नव्हतं, पण काही बिघडलं की ते आपल्यावर येतं, हे अनुभवाने ठाऊक होतं.  मग कलेक्टर चष्मा पुसून दोन पावलं पुढे गेले, मान तिरकी करून काच न्याहाळली आणि सावकाश म्हणाले, "वा. काजळी दिसत नाही, पण जाणवते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या एका वकिलांनी शेजाऱ्याला सांगितलं, की त्यांना तर कापड निघायच्या आधीच जाणवली होती.

 आपण काय करून बसलो, ते क्रोटनमागे सगुणाला एका क्षणात उमगलं. माळ्याची जागा गेली, हे तर झालंच. पण त्याहून एक गोष्ट तिच्या डोक्यात बसेना. काजळीत कसले कष्ट? काजळी आपोआप धरते. माणूस झोपला तरी धरते. कष्ट असतात ते ती काढायला, आणि काढली की कुणाला दिसत नाहीत. या माणसाची आजी रोज काच पुसत असणार, आणि नातवाला आठवली ती काजळी.

माणसं चहाकडे वळल्यावर ती आपण होऊन कचेरीत गेली. नेवरेकर खुर्चीत डोकं धरून बसले होते. पाध्ये साहेब कोण, कुणी, कधी असं करत फेऱ्या घालत होते.

"मी पुसली," सगुणा म्हणाली.

पाध्ये साहेब थांबले. "माळ्याच्या जागेचा तुझा कागद अजून माझ्या टेबलावर आहे, सगुणा. आता मी काय लिहू त्यावर?"

नेवरेकरांनी मान वर केली. रागावायचं त्यांनी ठरवलं होतं, पण या बाईच्या चेहऱ्यावर त्यांना आपल्यापेक्षा जास्त दुःख दिसलं आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. "का पुसलीत?"

"काळी व्हती."

 नेवरेकर म्हणाले, "उद्यापासून आठ दिवस लोक यायचेत. तीन महिन्यांचं काम एका रात्रीत कसं होणार?"

"काजळीच पायजे ना?" सगुणा म्हणाली. "तिला तीन म्हयने कशाला? वात चढी ठेवली तर घटकाभरात धरते. आमच्याकडं तर नको तवा धरते."

आणि खरंच, संध्याकाळच्या आत तिने ती धरवून दिली. रॉकेलचे चार टेंभे, वर ओली करवंटी, धूर कुठे कोंडायचा आणि कुठे सोडायचा ते तिला हाताच्या रेषांसारखं माहीत होतं. वीस वर्षं त्या धुराशीच तर भांडण होतं. नेवरेकर तिच्या शेजारी उकिडवे बसून बघत राहिले. शेवटी काचेकडे बघून ते इतकंच म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली झाली." मग सगुणाला एक काम नेमून दिलं. आठ दिवस शिल्पाजवळ बसायचं आणि कुणी पुसणार नाही इकडे लक्ष ठेवायचं. काच काळी ठेवण्याची मजुरी तिला जन्मात पहिल्यांदा मिळाली. लोक यायचे, काजळीपुढे उभे राहून कोकणी बाईच्या कष्टांविषयी हळू आवाजात बोलायचे, आणि मध्ये येते म्हणून सगुणाला जरा बाजूला सरकायला सांगायचे.

नेवरेकर मनाचा चांगला माणूस. जाण्याआधी त्यांनी पाध्ये साहेबांना विचारलं, या बाईसाठी काही करता येईल का. साहेबांनी जागेचं सांगितलं. नेवरेकरांनी मुंबईला जाऊन, ओळखीच्या सचिवांना स्वतःच्या अक्षरात दोन पानी पत्र लिहिलं. सगुणाबाईंसारखी सफाई मी युरोपातसुद्धा पाहिली नाही, त्यांच्या हातात स्वच्छतेची कला आहे, अशा माणसाला सरकारने सोडता कामा नये, वगैरे. कलमांचं त्यांनी काही लिहिलं नाही, कारण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पत्राचा परिणाम झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात हुकूम आला. पाध्ये साहेबांनी तो मोठ्याने वाचला आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला. सगुणा रघू गोताड यांना सफाई कामगार या पदावर कायम करण्यात येत आहे. माळ्याच्या जागेवर कृषी पदविकेचा एक मुलगा दापोलीहून येत होता.

"साहेब, पन कलमा?" सगुणाने विचारलं.

"कलमं माळी बांधील. तुझ्याकडे कचेरी, विश्रामगृह आणि संडास. नियमाने तुला झाडाला हात लावता येणार नाही आता." मग त्यांनाच कसंतरी वाटलं. "कायम झालीस ना, पण? बाराव्या महिन्यातला खंड गेला. म्हातारपणी पेन्शन आहे."

दगडापेक्षा वीट मऊ. सगुणाने अंगठा उठवला. बाहेर आप्पा म्हणाला, "सरकारी मानूस झालीस आन् असा तोंड काय केलास? पेढे दे." तिने पेढे दिले. पाऊस सुरू झाला, कोयींना तांबूस कोंब आले, आणि पदविकेचा मुलगा कलमं बांधायला बसला. त्याच्या जाड बोटांत कोंब पिचताना विश्रामगृहाच्या खिडकीतून सगुणाला दिसत होते. ती त्या खिडकीची काच पुसत होती.

चार दिवस तिने सोसलं. पाचव्या दिवशी ती झाडू भिंतीला टेकवून त्याच्यापाशी जाऊन बसली आणि दोन कलमं बांधून दाखवली. पाध्ये साहेबांनी कचेरीतून पाहिलं आणि पाठ फिरवली. त्यांच्याकडून एवढंच होण्यासारखं होतं. त्या वर्षी शंभरातली साठ लागली. अहवालात माळ्याच्या नावाचा रकाना नव्याने घातला होता.

हुकूम आला त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. सगुणा घरी आली आणि ओटीवर नुसतीच बसली. आदल्या रात्री वात चढली होती. काच काळी होती. दिवेलागण झाली. तिने कंदील उतरवला, पेटवला आणि तसाच खुंटीला लावला.

गोदूबाई अंधारातून म्हणाली, "राखेचा डबा वाजला नाय आज. काच पुसलीस?"

"पुसली."

म्हातारी चाचपडत उठली, पण काच तापली होती, बोट लावता येईना. ती पुटपुटत परत बसली. सगुणा कंदिलाकडे बघत राहिली. काजळीच्या पातळ भागातून पिवळट, तपकिरी उजेड झिरपत होता, मध्येच काळोखाचे ओघळ, जसं उन्हं गेल्यावर पावसाळी आभाळ दिसतं तसं. नेवरेकर खोटं बोलला नव्हता. खरंच संध्याकाळ दिसत होती. वीस वर्षं रोज हातात असून तिला ती बघायला सवड झाली नव्हती.

थोडा वेळ तिने बघितलं. मग त्या उजेडात तांदळातले खडे दिसेनात, म्हणून तिने कंदील खाली घेतला, काच निवायची वाट बघितली आणि राखेचा डबा पुढे ओढला.